विमानातले पाहुणे आणि ४५ हजारांचा कॅमेरा

प्रिय मावशी,

मी कन्नड तालुक्यातली. वय २३. एका कृषी सेवा केंद्रात हिशेबाचं काम बघते. घृष्णेश्वराच्या निमित्तानं लहानपणापासून वेरूळला जाणं आहे. माझे मामा म्हणतात, कैलास लेणं माणसांनी कोरलेलंच नाही. ४ लाख टन दगड १८ वर्षांत काढायचा तर रोज ६० टन होतो, छिन्नी-हातोड्यानं ते शक्यच नाही, बाहेरून कोणीतरी येऊन हे करून गेलं. कोकणातल्या कातळशिल्पांबद्दलही त्यांचं तेच म्हणणं, एवढी मोठी चित्रं आकाशातून बघायलाच काढली म्हणून. मला ते पुरतं पटत नाही, पण खोडताही येत नाही. आणि खरं सांगू? माणसांनी केलं म्हटलं की मी जरा हिरमुसतेच. मग त्यात गूढ काय उरलं, असं वाटतं.

दीड वर्षात ४५ हजार साठवलेत. कॅमेरा घेऊन लेण्यांचे फोटो काढायचे आहेत, जमल्यास व्हिडिओही. दुकानदार म्हणतो, अजून ३० हजार घाल आणि मोठाच घे. वडील म्हणतात, मोबाइल आहे की हातात. परग्रहावरच्या पाहुण्यांचा विचार करणं हा वेडेपणा आहे का? आणि कॅमेरा कोणता घेऊ? मला अहो-जाहो करू नका.

— वेरूळवेडी

प्रिय वेरूळवेडी,

मामांपासून सुरुवात करते. त्यांनी नुसतं ‘शक्य नाही’ म्हटलं नाही, आकडा दिला. आकडा देणाऱ्या माणसाशी बोलता येतं.

रोज ६० टन. ऐकायला प्रचंड वाटतं. आता तुझ्या हिशेबाच्या वहीत मांड. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. म. के. ढवळीकर यांनी खोदकामाच्या जाणकारांकडून अंदाज घेऊन मांडलं होतं, की एक माणूस दिवसाला साधारण ४ घनफूट दगड काढू शकतो. आपला काळा दगड घनफुटाला ८० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे माणशी दिवसाला ३२० किलो. ६० टनांना ३२० किलोंनी भाग. उत्तर येतं १९० माणसांच्या आत-बाहेर. कैलासाचं आवार सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद. १९० माणसं तिथं एकमेकांच्या अंगावर न येता काम करू शकतात. ढवळीकरांचा स्वतःचा हिशेब २५० मजूर आणि साडेपाच वर्षं असा होता, अर्थात नुसत्या खोदकामाचा. कोरीव कामाला वेगळे हात लागले आणि वेगळा काळ लागला. कैलास कोरवून घेणाऱ्या राष्ट्रकूट राजाची, पहिल्या कृष्णाची, कारकीर्द इ.स. ७५६ ते ७७३ ची, मामांची १८ वर्षं तिथूनच आली असणार. पण काही भाग त्याच्या नंतरच्या राजांच्या काळात झाले असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. तेव्हा ती १८ वर्षांची मुदत दगडावरची रेघ नव्हे.

हे मामांना हरवायला सांगत नाही. गणित त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच आकड्यांनी कर. माझा अनुभव असा की माणसाचा स्वतःचा आकडा हाताशी धरला की तो रागावत नाही, तोही पेन्सिल घेतो.

आता तुझं हिरमुसणं. माझं मन तिथंच जास्त अडकलं.

परग्रहावरून आलेल्यांनी आपली प्राचीन बांधकामं केली ही कल्पना जगभर पसरली ती १९६८ नंतर, स्वित्झर्लंडच्या एरिक फॉन डॅनिकेन यांच्या लिखाणामुळे. पण आकाशातून विमानांत बसून आलेल्यांची आणि कैलासाची गाठ त्याच्या साडेअकराशे वर्षं आधीच घालून ठेवलेली आहे, आणि तीही तांब्याच्या पत्र्यावर. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क सुवर्णवर्ष याचा बडोद्याचा ताम्रपट आहे, शके ७३४ चा, म्हणजे इ.स. ८१२-१३. कृष्ण राजाला जाऊन तेव्हा ४० वर्षंही झाली नव्हती. त्यात एलापुरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावरच्या देवळाचं वर्णन आहे. ते असं, की विमानांतून फिरणारे देव हे देऊळ बघतात आणि थक्क होऊन म्हणतात, हे तर शंकराचं स्वयंभू स्थान असणार, घडवलेल्या वस्तूत असली शोभा कुठं दिसते! आणि लगेच पुढे येतो तो घडवणारा. दुसऱ्यांदा असं काही करायला त्याचं बळ पुरत नाही, आणि तोही चकित होऊन म्हणतो, अरे, हे मी केलं तरी कसं?

हा मजकूर मी कितीदा वाचला असेन, अजूनही अंगावर काटा येतो. मामा म्हणतात तसे विमानातले पाहुणे यात आहेत. पण ते हात जोडून बघणारे आहेत. करणारा खाली, दगडाच्या धुळीत उभा आहे, आणि आश्चर्य त्यालाही आवरत नाही. केल्यानंतर, सगळी कृती माहीत असताना वाटलेलं ते आश्चर्य आहे. गूढ गेलं कुठे, सांग बरं?

दुसरी गोष्ट तर खास आपल्या भाषेतली. कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’त, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकात, एक कथा येते. राजाचा आजार बरा व्हावा म्हणून राणी घृष्णेश्वराला नवस बोलते, की देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर नजरेला पडेपर्यंत अन्न घेणार नाही. सगळे कारागीर हात टेकतात, कारण शिखर दिसायला पाया, भिंती, सगळं आधी व्हायला हवं. मग पैठणचा कोकास पुढे येतो. म्हणतो, राणीला आठवड्यात शिखर दाखवतो. आणि तो डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरायला लागतो. शिखर आधी, पाया शेवटी!

कथा आहे, इतिहास म्हणून तिच्याकडे बघू नकोस. पण बघ, काही शतकांनंतरच्या मराठी माणसाला लेण्याकडे नुसतं बघून कळलं होतं की हे वरून खाली आलंय. डोंगराच्या उतारात तीन बाजूंनी खोल चर घ्यायचे, मधे दगडाचा एक प्रचंड ठोकळा मोकळा करायचा आणि मग माथ्यापासून कोरत उतरायचं. परांच्या बांधाव्या लागत नाहीत, खाली खोदणारे खोदत राहतात आणि वर मूर्तिकाम चालू राहतं. कथाकाराला हे उमगलं, आणि त्यानं त्याचं श्रेय पैठणच्या एका माणसाला दिलं, नावानिशी. आपण मात्र ते श्रेय काढून घेऊन तारामंडळात पाठवायला निघालो आहोत. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कारण ती माणसं एका रात्रीत उगवलेली नव्हती. भाजे, कार्ले, कान्हेरी, अजिंठा करत करत सह्याद्रीतल्या हातांना कैलासाआधी आठ-नऊशे वर्षांचा सराव झालेला होता. लोखंड तर त्याहून जुनं. नागपूरजवळ नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, इसवी सनाच्या कितीतरी शतकं आधीची. आणि कैलासाचा आराखडा आकाशातून पडलेला नाही, तो कर्नाटकातल्या पट्टदकलच्या विरूपाक्ष देवळाशी फार जवळचं नातं सांगतो. चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिनं ते आठव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधवलं. तिथल्या शिलालेखांत स्थपतीचं नाव आहे, गुंड अनिवारिताचार्य. पुढे राष्ट्रकूटांनी चालुक्यांची सत्ता घेतली आणि नमुना वेरूळला आला, फरक एवढाच की पट्टदकलला दगडावर दगड रचले, इथं एकाच दगडातून देऊळ मोकळं केलं.

आणि तुझ्या तालुक्यातच काय आहे ते तुला माहीत असायला हवं. पितळखोऱ्याची लेणी. तिथं सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्यानं प्राकृतात स्वतःचं नाव कोरलंय, कण्हदास, धंद्यानं सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस सांगतोय, हे मी केलं. त्याचं ऐकायचं की नाही?

माझ्या आजीच्या दारावर पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई यायची. उकिडवी बसून, तळहाताएवढ्या हातोडीनं ती पाट्यावर टिपक्यांच्या रांगा उठवत जायची. अर्ध्या तासात गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरखरीत व्हायचा. तिच्या रांगा कधी वाकड्या गेल्या नाहीत. पुढे मी कैलासाच्या मागच्या कड्यापाशी, शंभर फुटांहून उंच त्या भिंतीपाशी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा तिरप्या उन्हात छिन्नीच्या समांतर खुणा दिसल्या आणि मला ती बाईच आठवली. तोच हात, तीच लय. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ असं आपण मुलांना सांगतो तेव्हा दगडाचं कौतुक करतो. घाव घालणाऱ्याचं कोण करणार?

म्हणून कॅमेरा घे. वडिलांशी मी प्रेमानं असहमत आहे, आणि त्याचं कारण नेमकं आहे.

मोबाइल उत्तम फोटो काढतो, पण दगडाचा नाही. अंधारात तो बरेच फोटो एकत्र करून, खरखर पुसून, कडा धारदार करून चित्र हातात देतो. चेहऱ्याला ते छान दिसतं. काळ्या दगडावरची बोटभर रुंदीची छिन्नीची खूण मात्र त्या साफसफाईत एकतर पुसली जाते, नाहीतर नको तेवढी उठावदार होते. तुला आणि मामांना ज्या गोष्टीवरून बोलायचंय तिथंच मोबाइल स्वतःच्या मनाची भर घालतो. कॅमेऱ्यात ‘रॉ’ प्रकारची फाइल मिळते. सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, जे पडलं ते जवळपास तसंच हाती येतं, आणि त्यात तू काय केलंस ते तुला सांगता येतं. सेन्सरही मोबाइलपेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे ओवरीतल्या अंधारात तपशील टिकतो.

दुकानदाराचे ३० हजार त्याला देऊ नकोस. भाव सणावारी बदलतात म्हणून किमतींत शिरत नाही, पण मी तुझ्या जागी असते तर कशी निवड केली असती ते सांगते.

पहिला विचार लेन्सच्या रुंदीचा. कैलासाच्या आवारात मागे सरकायला जागा नाही, पाठ कड्याला टेकते. अशा वेळी सोबत येणारी किट लेन्स किती रुंद बघते यावर सगळं ठरतं. कॅननच्या आर१०० आणि आर५० सोबत सहसा १८-४५ ची लेन्स येते, निकॉनच्या झेड३० आणि झेड५० सोबत १६-५० ची (आकडे मिलिमीटरचे, पहिला जितका लहान तितकी लेन्स रुंद बघते). हे दोन मिलिमीटर कागदावर क्षुल्लक दिसतात. पण कॅननचा सेन्सर किंचित लहान, त्यामुळे फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या, भाषेत निकॉनची लेन्स २४ ला सुरू होते आणि कॅननची २९ ला. वेरूळमध्ये त्या फरकात शिखर बसतं किंवा कापलं जातं.

दुसरा विचार व्ह्यूफाइंडरचा, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीचा. झेड३० ला ती नाही, तो मुख्यतः व्हिडिओवाल्यांसाठी काढलेला आहे. भर उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही, आणि तुझं अर्धं काम उन्हात आहे. आर१०० ला व्ह्यूफाइंडर आहे, पण पडदा हलत नाही आणि त्याला स्पर्शही कळत नाही. छताकडे कॅमेरा रोखून फोटो घेताना मान मोडते. आर५० चा पडदा बाजूला उघडून हवा तसा फिरतो, आणि बॅटरीसकट वजन ४०० ग्रॅमच्या आत आहे.

हे सगळं जमेला धरून माझं मत: तुझ्या रकमेत चांगल्या स्थितीतला सेकंडहँड निकॉन झेड५० त्याच्या १६-५० लेन्ससकट मिळाला तर तो घे. नाही मिळाला आणि नवाच हवा असेल तर आर१००, त्या न हलणाऱ्या पडद्याची सवय होते. आर५० बजेटात आला तर उत्तमच, पण त्यासाठी कर्ज काढू नकोस. कॅननच्या १५००डी सारखा जुन्या धाटणीचा डीएसएलआर कोणी ओळखीतलं कमी किमतीत देत असेल तर तोही वाईट नाही, शिकायला भक्कम आहे. फक्त आता कंपन्यांचं सगळं लक्ष मिररलेसकडे, म्हणजे वर सांगितलेल्या, आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे आहे, पुढच्या लेन्सा घेताना ते जाणवेल.

सगळे ४५ हजार कॅमेऱ्यात घालू नकोस. पाच-सहा हजार बाजूला ठेव. एक जास्तीची बॅटरी (मिररलेस बॅटरी भराभर खातात), दोन चांगली कार्डं, आणि हवाबंद डबा नि सिलिका जेलच्या पुड्या. हे शेवटचं सांगताना माझा घसा दाटतो. माझी पहिली लेन्स मी एका दुकानातून जुनी घेतली होती, साठवलेल्या पगारातून. घरी येऊन उजेडात धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुकानदारानं परत घेतली नाही. तेव्हा जुनं घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूनं लाव आणि दुसऱ्या बाजूनं डोळा लावून बघ. शटर किती वेळा पडलंय तो आकडा विचार. एखाद्या पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, फोटो काढून घे, सेन्सरवरचे डाग त्यात काळे ठिपके होऊन दिसतात. मूळ बिल माग. नवा घेताना बिलावर जीएसटी आणि भारतातली कंपनीची वॉरंटी आहे ना, ते बघ.

आता उजेड.

१९७६ सालच्या जुलैत व्हायकिंग-१ यानानं मंगळाच्या सिडोनिया भागाचा फोटो पाठवला. त्यात वर बघणारा माणसाचा चेहरा होता: डोळे, नाक, तोंड. जगभर चर्चा झाली, मंगळावर कोणीतरी स्मारक उभारलं म्हणून. सूर्य क्षितिजाजवळ होता, सावल्या लांब होत्या, आणि फोटोतला एक ठिपका जमिनीवरचे ४०-५० मीटर दाखवत होता. १९९८ आणि मग २००१ साली मार्स ग्लोबल सर्व्हेयरनं तीच टेकडी पुन्हा टिपली. दुसऱ्या खेपेला एक ठिपका दीड मीटरच्या आसपासचा होता. झिजलेली, सपाट माथ्याची टेकडी निघाली. टेकडी तीच, उजेड वेगळा, बारकावा जास्त.

मी हे वर्गात दरवर्षी सांगायचे, कारण तिरपा उजेड दोन्ही गोष्टी करतो. छिन्नीची जी खूण भर दुपारी दिसतच नाही ती तो उठवून दाखवतो, आणि जिथं चेहरा नाही तिथं चेहराही उभा करतो. म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक खुणेचे दोन फोटो काढ, एक सकाळच्या सावलीतला सपाट आणि एक दुपार कलल्यानंतरचा तिरप्या उन्हातला. दोन्हींत जे टिकतं ते दगडात आहे. एकाच फोटोत जे दिसतं ते उन्हात आहे. कैलासाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी मागच्या कड्याची सावली आवारात पडलेली असते आणि दुपारनंतर ऊन आत शिरतं. तुला दोन्ही एका दिवसात मिळतील.

काळ्या दगडाची एक खोड लक्षात ठेव. कॅमेऱ्याचा मापक समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. त्यामुळे काळा कडा राखाडी, धुतल्यासारखा येतो आणि वरचं आकाश पांढरं फुटतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग, उणे एकाच्या आसपास ने, दगड पुन्हा काळा होईल. अंधाऱ्या जागी लेन्स सगळ्यात रुंद ठेव, कोपर छातीला टेकव, खांबाला नाही. शटर सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्याएवढं उघडं राहिलं तरी लेन्समधली कंपन आवरणारी सोय हात सांभाळून घेते. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि फ्लॅश वापरू नकोस, रंगकाम असलेल्या जागी तर मुळीच नाही. कैलासावरही कधीकाळी पांढरा गिलावा आणि रंग होता, म्हणून त्याला रंगमहाल म्हणायचे. त्याचे तुकडे अजून काही ठिकाणी टिकून आहेत. शोध, सापडतील.

खुणेच्या शेजारी माप ठेवायला विसरू नकोस. शाळेची १५ सेंटिमीटरची पट्टी पुरे. माप नसलेला फोटो कुणालाही काहीही वाटू शकतो.

कोकणातल्या कातळशिल्पांचं तू विचारलंस म्हणून थोडं. आकाशातून बघण्यासाठीच काढली असं मामा म्हणतात, कारण काही फार मोठी आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. पण त्या हत्तीच्या पोटात काय काय आहे बघ, जनावरांची नुसती दाटी. सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या माळांवर, गेंडाही आहे, जो आज कोकणात नाही. ज्यांनी हे कोरलं त्यांचं लक्ष आजूबाजूच्या प्राण्यांवर होतं, शिकार करणाऱ्या, समुद्रावर जाणाऱ्या माणसाचं असतं तसं. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तिथं गेलीस तर रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून खडूची पूड टाकू नकोस, कोणी टाकत असेल तर थांबव. सकाळी सातचं ऊन तेच काम दगडाला न दुखवता करतं.

राहिला तुझा वेडेपणाचा प्रश्न. नाही, तो वेडेपणा नाही. आपल्या डॉ. जयंत नारळीकरांनी तो प्रश्न आयुष्यभर उराशी धरला. अवकाशातून जीवाणू पृथ्वीवर येत असतील का, हे बघायला २००१ साली हैदराबादेहून बलून सोडला गेला. ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक केलेल्या नळ्यांत भरून आणली. २००५ मध्ये पुन्हा. त्यात जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. ते बाहेरूनच आले असा निकाल त्यातून लागला नाही, आणि तसा दावाही करून टाकला नाही. प्रश्न केवढा मोठा, आणि नळ्या धुण्याची काळजी किती! मामांना हे नक्की सांग. त्यांची ओढ चुकीची नाही, त्यांना कोणी नळ्या धुवायला शिकवलं नाही एवढंच.

आणि आकाशातून खरोखर आलेला पाहुणा बघायचा असेल तर त्यांना गाडीत घालून लोणारला ने. तोच आपला काळा दगड, त्यात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. कित्येक वर्षं तो ज्वालामुखीचाच समजत. १९७३ साली तिथल्या दगडात प्रचंड दाबाखालीच तयार होणारी काच ओळखली गेली आणि उल्का पडल्याचं नक्की झालं. काठावर उभं राहून संध्याकाळचा फोटो घे, १६ मिलिमीटरवरही एका चौकटीत मावणार नाही. दोन-तीन जोडून घ्यावे लागतील.

पहिली खेप मात्र वेरूळचीच कर, आणि मामांना बरोबर घे. आधी कैलासाच्या बाजूनं डोंगरावर चढा आणि शिखराकडे वरून बघा, कोकासनं राणीला दाखवलं असेल तसं. मग आवारात उतरा. त्या कड्याच्या भिंतीवर पट्टी धरायला मामांनाच सांग. फोटो तू काढ. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढा वार टाळा.

तुझी,
मावशी